मागच्या सीटवर गार लागत नाही : जुन्या सात-आठ सीटर गाडीत एसीचा दोष कसा शोधायचा

एप्रिल लागला, पारा चाळिशीला टेकला की परभणी-नांदेडपासून बीड-जालन्यापर्यंत एसीच्या गॅरेजांत एकच तक्रार येऊ लागते : पुढे गार लागतंय, मागे नुसता वारा. त्यावर बहुतेकदा लगेच गॅस भरला जातो. गॅस कमी असणं हे एक कारण आहेच. पण मागचा एसी मंदावण्याची आठ-दहा कारणं असतात आणि त्यातल्या बऱ्याच कारणांचा गॅसशी काही संबंध नसतो. म्हणून तपासणी स्वस्ताकडून महागाकडे करत जायची. आधी वारा, मग तापमान, मग पाइप, मग गेज (गॅसचं प्रेशर मोजायचं मीटर). गॅसचा सिलिंडर सगळ्यात शेवटी काढायचा.

लागणारं सामान थोडं आहे : तारेच्या टोकाला सेन्सर असलेला डिजिटल थर्मामीटर, मल्टिमीटर, टॉर्च, टिश्यू पेपर, मऊ ब्रश आणि पॅनल काढायची प्लास्टिकची पट्टी. बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर तो चकचकीत अॅल्युमिनियमच्या पाइपवर चुकीचं तापमान दाखवतो. पाइपवर काळी इन्सुलेशन टेप चिकटवून टेपचं तापमान घ्या.

आधी बघा, मागे एसी आहे का

इनोव्हा, तवेरा, झायलो यांच्यासारख्या गाड्यांच्या वरच्या मॉडेलांत मागे वेगळी कूलिंग कॉइल असते. पण मागे व्हेंट दिसले म्हणजे कॉइल असेलच असं नाही. काही गाड्यांत पुढच्याच युनिटची हवा कन्सोलमधल्या डक्टने मधल्या सीटपर्यंत आणलेली असते. काहींत छतात फक्त पंखा असतो. तो डब्यातलीच, म्हणजे गाडीच्या आतलीच, हवा ओढून मागे फेकतो. या दोन्ही प्रकारांत मागे दुरुस्त करण्यासारखी कॉइल नसतेच. पुढचं कूलिंग आणि डक्टचे जोड नीट केले की तेवढंच मागे पोचणार.

ओळखायची खूण गाडीखाली आहे. बॉनेटपासून मागच्या चाकापर्यंत एक जाड आणि एक बारीक असे दोन अॅल्युमिनियमचे पाइप शेजारी-शेजारी गेलेले दिसले तर मागे वेगळी कॉइल आणि वेगळा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कॉइलमध्ये गॅस मोजून सोडणारी झडप) आहे. ते युनिट छतात किंवा मागच्या चाकावरच्या पॅनलच्या आत असतं. इथून पुढचं बहुतेक सगळं या प्रकाराला लागू आहे.

चार तापमानं घ्या

गाडी सावलीत लावा. उन्हात तापलेली असेल तर सगळी दारं उघडून पाच मिनिटं गरम हवा जाऊ द्या. मग काचा बंद, हवा आतलीच फिरती, दोन्ही ब्लोअर फुल, इंजिन १५०० आरपीएमवर आणि पंधरा मिनिटं थांबा. त्यानंतर चार ठिकाणी तापमान मोजून कागदावर लिहा : बाहेरच्या सावलीत, पुढच्या मधल्या व्हेंटमध्ये, मागच्या व्हेंटमध्ये आणि मागचा ब्लोअर ज्या जाळीतून हवा ओढतो त्या जाळीपाशी.

बाहेर ४० अंश असताना उभ्या गाडीत पुढे १० ते १४ आणि मागे त्याहून ३ ते ५ अंश जास्त आलं तर जुन्या गाडीसाठी ते ठीक समजा. मागची हवा छतातल्या तापलेल्या डक्टमधून येते, त्यामुळे पुढच्याइतकी गार ती कधीच लागत नाही.

पण खरी माहिती चौथ्या आकड्यात आहे, आणि तो आकडा क्वचितच कोणी घेतं. जाळीपाशी ३८ आणि व्हेंटमध्ये २५ असेल तर कॉइल १३ अंश खेचते आहे. म्हणजे कॉइल चांगली आहे, तिच्याकडे येणारी हवाच तापलेली आहे. अशा गाडीत गॅस कितीही भरला तरी फरक पडणार नाही. जाळीपाशी ३२ आणि व्हेंटमध्ये २७ असेल तर मात्र कॉइललाच थंडावा मिळत नाहीये. वारा चांगला असताना १० ते १५ अंशांचा फरक हवा. वारा मंद असेल तर हा फरक उलट १८-२० पर्यंत वाढतो, कारण थोडी हवा कॉइलपाशी जास्त वेळ रेंगाळते. त्यामुळे हा आकडा वाऱ्याचा जोर पाहूनच वाचायचा.

वारा कमी असेल तर

मागच्या प्रत्येक व्हेंटसमोर टिश्यूची पट्टी धरा. एकाच व्हेंटला वारा कमी आणि बाकीच्यांना जोरात असेल तर छताच्या अस्तरामागे डक्टचा जोड सुटलेला असतो किंवा त्यावरचा फोम कुजलेला असतो. हवा अस्तराच्या आतच सांडते. छताला हात लावल्यावर एखादा पट्टा गार लागला की जागा सापडली.

सगळ्याच व्हेंटना वारा कमी असेल तर आधी जाळी मोकळी करा. लग्नसराईत मागे कोंबलेल्या बॅगा, पंढरपूर-तुळजापूरच्या फेऱ्यांतल्या सतरंज्या, जाड सीटकव्हर यांनी जाळी झाकलेली असते. हे कारण कोणाला पटत नाही, पण पहिल्यांदा तपासायचं हेच.

मग ब्लोअरचे वेग बघा. एक-दोन-तीनवर काहीच नाही आणि फक्त सगळ्यात वरच्या वेगावर वारा येत असेल तर रेझिस्टर (ब्लोअरचा वेग कमी करणारा भाग) जळालाय. वरच्या वेगाला करंट रेझिस्टरला वगळून थेट मोटरला जातो, म्हणून तेवढा एकच वेग चालतो. कुठलाच वेग चालत नसेल तर फ्यूज, रिले, मागचा स्विच या क्रमाने बघा. बऱ्याच गाड्यांत मागच्या ब्लोअरचा एक मुख्य स्विच पुढे डॅशबोर्डवरही असतो. तो बंद राहिलाय का, हे आधी पाहून घ्या.

पंखा फिरतोय पण जोर नाही, अशा वेळी मल्टिमीटर लावा. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.५ ते १४.२ व्होल्ट असतात. पूर्ण वेगावर मोटरच्या कनेक्टरवर साडेबाराच्या वर मिळायला हवेत. दहा-अकराच मिळत असतील तर मधे कुठेतरी व्होल्टेज खाल्लं जातंय : पिवळा-तपकिरी पडलेला कनेक्टर, सैल फ्यूज किंवा गंजलेली अर्थ. मोटरची अर्थ वायर आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यात ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थचा बोल्ट काढून घासा. व्होल्टेज बरोबर असूनही पंखा रडत फिरत असेल तर कार्बन ब्रश किंवा बुश गेलेत. शेतात किंवा शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या गाडीत वायर उंदरांनी कुरतडलेली आणि ब्लोअरच्या डब्यात कापसाचं घरटं सापडणं नवलाचं नाही.

मराठवाड्यातल्या गाडीत सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो कॉइलच्या धुळीला. पुढे कॅबिन फिल्टर असतो. मागच्या युनिटला बहुतेक गाड्यांत फिल्टरच नसतो, फार तर एक प्लास्टिकची जाळी. काळ्या मातीची पिठासारखी बारीक धूळ, तूर-सोयाबीनच्या मळणीचा भुसा, जिनिंगजवळून जाताना येणारी कापसाची बारीक तूस हे सगळं ओल्या कॉइलवर चिकटून गोधडी तयार होते. गाडीत ही धूळ मुख्यतः मागच्या दारातून शिरते. सरळ पाठीची गाडी धावताना तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि दाराचं रबर जिथे दबून चपटं झालेलं असेल तिथून धूळ आत ओढली जाते. डिकीच्या कडेला धुळीची रेघ दिसली की तिथलं रबर बदला. दारात कागद अडकवून दार लावा. कागद सहज सुटून आला तर तिथे फट आहे. रबर न बदलता कॉइल धुतली तर पुढच्या हंगामात पुन्हा तेच.

कॉइल धुताना युनिटचं पॅनल काढा, बॅटरीचा निगेटिव्ह सोडा, मोटर आणि रेझिस्टर बाहेर घ्या. सुकी गोधडी आधी मऊ ब्रशने फिन्सच्या (कॉइलवरच्या पातळ पत्र्यांच्या) दिशेने काढा, आडवा ब्रश मारू नका. मग अॅल्युमिनियम कॉइलला चालणारा फोम क्लीनर मारून दहा मिनिटं ठेवा आणि हलक्या धारेने धुवा. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गनने फिन्स आडव्या होतात आणि हवा कायमची अडते. कॉस्टिक किंवा अॅसिडचा क्लीनर अॅल्युमिनियम खातो. कॉइल चकाचक दिसते आणि काही महिन्यांनी गळू लागते. धुतलेलं पाणी ड्रेन पाइपातून खाली पडतंय ना, ते बघा. पडत नसेल तर पाइप चिखलाने किंवा कुंभारीण माशीच्या मातीच्या घरट्याने बुजलाय. छतातून प्रवाशांच्या अंगावर पाणी टपकतं ते यामुळेच.

एक प्रकार फसवा आहे. निघताना मागे छान गार, अर्ध्या-पाऊण तासाने वारा मरतो, एसी दहा मिनिटं बंद ठेवला की खाली पाणी सांडतं आणि वारा परत येतो. इथे कॉइलवर बर्फ धरतोय. मळलेली कॉइल आणि सतत एक नंबरवर ठेवलेला ब्लोअर ही पहिली कारणं. त्यानंतर कमी गॅस आणि बिघडलेला थर्मिस्टर (कॉइलचं तापमान बघणारा सेन्सर). जिथे मागच्या कॉइलला स्वतःचा थर्मिस्टर नसतो तिथे कॉम्प्रेसर पुढच्या कॉइलचं तापमान बघूनच बंद-चालू होतो, त्यामुळे मागे बर्फ धरला तरी त्याला कळत नाही.

वारा जोरात, पण गारवा नाही

आधी जाळीपाशीचं तापमान आठवा. कॉइलचा फरक चांगला असून डबाच तापलेला असेल तर उष्णता कुठून येते ते शोधा. बाहेरची हवा घेणारी पुढची झडप अर्धवट उघडी अडकली असेल तर पुढचा ब्लोअर सतत ४२ अंशांची हवा आत ओततो आणि मागचं युनिट तीच हवा फिरवत बसतं. बटण दाबल्यावर ब्लोअरचा आवाज बदलायला हवा. बदलला नाही तर झडपेची मोटर किंवा केबल बघा. हीटरचा पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नसेल तरी असंच होतं. एसी लावून दहा मिनिटांनी हीटरच्या व्हॉल्व्हपुढचा होज कडक गरम असेल तर गरम पाणी आत जातंय. जिथे असा व्हॉल्व्ह नसतो त्या गाड्यांत होज नेहमीच गरम राहतो. तिथे मिक्सिंगची, म्हणजे गरम-गार हवा मिसळणारी, झडप पाहायची.

कॉइलच थंड होत नसेल तर पुढचं तापमान ठरवतं कुठे जायचं. पुढेही कूलिंग कमी असेल तर मागचं युनिट उघडू नका. दोष कंडेन्सर (रेडिएटरपुढची, गॅसची उष्णता बाहेर टाकणारी कॉइल), त्याचा पंखा, कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) किंवा गॅसमध्ये आहे. चालत्या गाडीत बरं आणि सिग्नलला थांबल्यावर गरम, असं होत असेल तर कंडेन्सरवर साध्या पाण्याचा फवारा मारा. दोन-तीन मिनिटांत व्हेंटचं तापमान झरझर उतरलं तर कंडेन्सरला हवा मिळत नाहीये. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधली फट बघायला विसरू नका. समोरून कंडेन्सर स्वच्छ दिसतो आणि त्या फटीत तूस-भुशाचा थर असतो.

पुढे चांगलं आणि मागे वाईट असेल तर एक साधी चाचणी करा. पुढचा ब्लोअर एक नंबरवर आणा, मागचा फुल ठेवा, पाच मिनिटं थांबा. पुढच्या कॉइलवरचा भार कमी झाला की तिचा व्हॉल्व्ह आवळतो आणि उरलेला द्रवरूप गॅस मागे जाऊ शकतो. मागचं तापमान स्पष्ट उतरलं तर मागची कॉइल उपाशी होती, म्हणजे गॅस कमी आहे किंवा कॉम्प्रेसर दमलाय. काहीच फरक पडला नाही तर मागचा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, बारीक पाइप किंवा असल्यास सोलेनॉइड (विजेवर उघड-बंद होणारा व्हॉल्व्ह) यांच्यापैकी काहीतरी अडलंय.

आता मागच्या युनिटपाशी दोन्ही पाइप तपासा. बारीक पाइप कोमट आणि जाड पाइप गार असायला हवा. इथे एक स्थानिक खबरदारी : जाड पाइपावर दव आलं नाही म्हणून गॅस कमी, हा निष्कर्ष मे महिन्यात चुकतो. ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असताना दवबिंदू सुमारे १० अंशांवर असतो. त्याहून जरा उबदार पाइपावर घाम येणारच नाही. ड्रेनमधून पाणीही नावालाच पडेल. पावसाळ्यात हीच गाडी भरपूर पाणी गाळेल. म्हणून हात किंवा डोळा नको, थर्मामीटर लावा.

बारीक पाइप एका जागेपर्यंत कोमट आणि तिथून पुढे एकदम थंड असेल तर तिथे पाइप दबलेला आहे. जॅक चुकीच्या जागी लावल्याने किंवा खडीच्या रस्त्यावर दगड लागल्याने असं होतं. बारीक पाइप व्हॉल्व्हपर्यंत कोमट आणि जाड पाइप बाहेरच्या हवेइतकाच गरम असेल तर व्हॉल्व्ह बंद अडकलाय किंवा त्याची जाळी चोंदलीय. जाळीत काळा भुगा निघाला तर तो कॉम्प्रेसरच्या आतला आहे. अशा वेळी पाइप फ्लश केल्याशिवाय आणि ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारा डबा) बदलल्याशिवाय नवा व्हॉल्व्ह लावण्यात अर्थ नाही, तोही चोंदेल.

जुन्या युनिटांत व्हॉल्व्हची बारीक नळी आणि तिच्या टोकाचा बल्ब जाड पाइपाला क्लिपने आवळलेला असतो, वर काळी इन्सुलेशन टेप असते. बल्ब सुटला तर त्याला डब्यातली गरम हवा लागते, व्हॉल्व्ह गरजेपेक्षा जास्त उघडतो आणि कॉम्प्रेसरकडे द्रव परत जातो. नळी तुटून बल्बातला वायू गेला तर व्हॉल्व्ह बंदच होतो. तपासायला गेज लावून बल्ब मुठीत धरा : लो साइड (कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसचं प्रेशर) थोडी वर जायला हवी, बर्फ लावल्यावर खाली यायला हवी. हलली नाही तर व्हॉल्व्ह बदला.

गेज काय सांगतं

आर-१३४ए हा गॅस असलेल्या गाडीत, बाहेर ४० अंश, १५०० आरपीएम, दोन्ही ब्लोअर फुल असताना लो साइड साधारण ३५ ते ५० आणि हाय साइड (कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या गॅसचं प्रेशर) २३० ते ३०० पीएसआय अपेक्षित आहे. दोन्ही कमी असतील तर गॅस कमी. दोन्ही जास्त असतील तर कंडेन्सर मळलाय, गॅस जास्त भरलाय किंवा आत हवा राहिलीय. लो जास्त आणि हाय कमी असेल तर कॉम्प्रेसर संपत आलाय.

मागचा व्हॉल्व्ह बंद अडकला असेल तेव्हा मात्र गेज जवळपास नॉर्मल दिसतं, कारण पुढची कॉइल आपलं काम करत असते. फक्त गेज बघून “सगळं ओके आहे” असं सांगितलं जातं ते इथेच.

इंजिन बंद असतानाच्या प्रेशरवरूनही अंदाज बांधू नका. ३० अंशांना सुमारे ९७ आणि ४० अंशांना सुमारे १३३ पीएसआय दिसतं, आत थोडासा द्रव शिल्लक असला तरी. गॅस पूर्ण आहे की निम्मा, ते त्यातून कळत नाही.

गळती आणि गॅस

गॅस कमी निघाला तर तो कुठे गेला ते आधी शोधा. मागे जाणाऱ्या पाइपांचे जोड आणि क्लिपा हा कच्चा दुवा आहे. काळ्या मातीचा चिखल लोखंडी क्लिप आणि अॅल्युमिनियम पाइप यांच्यामध्ये ओल धरून बसतो आणि पाइप तिथेच सडतो. प्रत्येक क्लिप सोडवून खालचा भाग बघा. धूळ चिकटलेला तेलकट डाग म्हणजे गळती. संशय असेल तर गॅस मशिनने काढून घ्या, १५० पीएसआय नायट्रोजन भरा, साबणाचा फेस लावा आणि अर्धा तास प्रेशर बघा. टायर भरायची हवा किंवा ऑक्सिजन यासाठी कधीही वापरू नका. तेलाशी संबंध आला तर स्फोट होऊ शकतो. उघडलेल्या प्रत्येक जोडाची ओ-रिंग नवी आणि आर-१३४एला चालणारी हवी.

दोन कॉइलच्या सिस्टिमला व्हॅक्यूम निदान ४५ मिनिटं द्या आणि पंप बंद करून पंधरा मिनिटं सुई हलते का बघा. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटरवर आहे, त्यामुळे पूर्ण व्हॅक्यूमलाही साध्या गेजची सुई २८ इंचांच्या आसपासच थांबते. २९-३० येत नाही म्हणून पंपाला दोष देऊ नका.

गॅस काट्यावर वजन करूनच भरा, प्रेशर बघून नाही. आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर असतो आणि एकाच गाडीच्या सिंगल आणि डबल एसीच्या मॉडेलांत तो वेगळा असतो. डबल एसीला सिंगलचा गॅस भरला की पुढे झकास आणि मागे वारा, ही तक्रार तिथेच जन्माला येते. लांब पाइपात द्रवाचा वाटेतच वायू होऊ लागतो आणि आधी मागचीच कॉइल उपाशी राहते. गळती बंद करणारं सीलंट मिसळलेले कॅन टाळा, ते व्हॉल्व्हची जाळी चोंदवतात. स्वस्तात मिळणाऱ्या बिनशिक्क्याच्या सिलिंडरांत ज्वलनशील वायूची भेसळ असू शकते.

मागची कॉइल बदलली तर साधारण ४० ते ५० मिली तेल जास्तीचं घालावं लागतं. नेमका प्रकार कॉम्प्रेसरच्या पट्टीवर बघा. जास्त तेलही वाईट, ते कॉइलमध्ये साचून थंडावा अडवतं. गॅस हाताळताना चष्मा आणि हातमोजे घाला. द्रव डोळ्यात गेला तर डोळा जातो. कॅन हाय साइडला जोडून इंजिन चालू केलं तर कॅन फुटतो.

काम झाल्यावर तीच चार तापमानं त्याच पद्धतीने पुन्हा मोजा आणि भरलेला गॅस, घातलेलं तेल, तारीख यांच्यासह बॉनेटखाली चिकटवून ठेवा. पुढच्या एसीवाल्याचं अर्धं काम वाचतं. हिवाळ्यात मागचा एसी महिनोन्‌महिने बंद राहतो तेव्हा मागच्या कॉइलमध्ये तेल साचतं आणि कॉम्प्रेसरला ते कमी पडतं. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं मागचा ब्लोअर फुल ठेवून एसी चालवत जा.